पेन्शनच्या हिशेबातून गळणारी वर्षे : केंद्रीय विश्वस्त मंडळास मराठवाड्यातून खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
अध्यक्ष, केंद्रीय विश्वस्त मंडळ, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना,
आणि मंडळावरचे मालक, कामगार व सरकार या तिन्ही बाजूंचे सदस्य

महोदय, महोदया,

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याची एमआयडीसी, जालन्याच्या रोलिंग मिल, परभणी-नांदेड पट्ट्यातले जिनिंग-प्रेसिंग, लातूरच्या डाळमिल आणि आठही जिल्ह्यांतले साखर कारखाने, इथल्या कामगारांचे पीएफ, पेन्शन आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) अर्ज भरून देण्याचे, रिजेक्ट झालेले क्लेम पुन्हा उभे करण्याचे काम आम्ही करतो. किमान पेन्शन १,००० रुपयांवरून वाढवा आणि तिला महागाई भत्ता जोडा, ही मागणी तुमच्याकडे वर्षानुवर्षे पडून आहे. राज्यसभेच्या कोश्यारी समितीने २०१३ मध्येच ३,००० रुपये आणि महागाई भत्ता सुचवला होता. ती मागणी आमचीही आहे, पुढे तिच्याबद्दल लिहिलेही आहे. पण हे पत्र मुख्यतः अशांसाठी आहे ज्यांना ते हजार रुपयेही लागू होत नाहीत. वीस-बावीस वर्षे कामावर जाऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातात एक ओळ पडते : पात्र सेवा दहा वर्षांपेक्षा कमी.

आधी हिशेब मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले ३.६७ पीएफमध्ये. पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरली की पेन्शनच्या रकान्यात महिन्याला १,२५० दिसतात. सप्टेंबर २०१४ आधी मर्यादा ६,५०० होती, म्हणून जुन्या पासबुकात त्याच रकान्यात ५४१ दिसतात. केंद्र सरकार आपल्याकडून १.१६ टक्के घालते. पेन्शन काढताना शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार घ्यायचा, सेवेच्या वर्षांनी गुणायचा आणि ७० ने भागायचा. सेवा किमान दहा वर्षे हवी. पूर्ण वर्षांच्या वरचा तुकडा सहा महिन्यांचा किंवा जास्त असेल तर तेही पूर्ण वर्ष, कमी असेल तर शून्य. त्यामुळे साडेनऊ वर्षेवाला बसतो आणि नऊ वर्षे पाच महिनेवाला बसत नाही. एका महिन्यावरून जन्माची पेन्शन जाते, आणि त्याच्यामागे बायकोला मिळणारी निम्मी पेन्शनही जाते.

एकेक महिना इतका मोलाचा असेल तर तो महिना धरला की सोडला, हे ठरवायचे कसे? १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या व्याख्येप्रमाणे पेन्शनपात्र सेवा म्हणजे जिच्यासाठी वर्गणी मिळाली आहे किंवा मिळायची बाकी आहे अशी सेवा. अर्थ सरळ आहे. मालकाने भरणा केला नाही तरी कामगाराचे वर्ष बुडत नाही. ते पैसे फंडाने मालकाकडून वसूल करायचे. नियम चांगला आहे, आम्हाला त्यात काही बदलायचे नाही. पण ऑफिसातला हिशेब संगणकावर होतो आणि संगणकाला दिसते फक्त मालकाने भरलेले मासिक विवरण. ज्या महिन्याचे विवरण नाही, तो महिना झालाच नाही. क्लेम रिजेक्ट करताना 'बाकी असलेली वर्गणी तपासली' असा शेरा आमच्या तरी पाहण्यात नाही, कारण तपासायची रीतच बसवलेली नाही. नियमातला अर्धा भाग कागदावर राहिला आणि उरलेल्या अर्ध्यावर लोकांच्या म्हातारपणाचा निकाल लागतो.

महिने गळतात कसे, ते सांगतो. एमआयडीसीतला ठेका दर एक-दोन वर्षांनी बदलतो. कामगार त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला असतो, पण कागदावर जुन्या ठेकेदाराकडची नोकरी सुटते आणि नव्याकडची लागते. मधले दोन-तीन महिने नव्या ठेकेदाराचा पीएफ कोड 'चालू व्हायचाय' म्हणून कोरे जातात; काम मात्र एक दिवसही थांबलेले नसते. यूएएन, म्हणजे कामगाराचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ नंबर, एकच असला तर निदान तुकडे जोडता येतात. पण ठेकेदाराच्या माणसाने जुना नंबर न विचारता नवा काढला की एकाच माणसाचे दोन-तीन यूएएन होतात. त्यात दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांवर चढल्या की ट्रान्सफर अडकतो. जुना ठेकेदार गाव सोडून गेला असेल तर 'सोडल्याची तारीख' दुरुस्त करायला सही कोणाची आणायची? शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला स्वतः तारीख टाकता येते, ही सोय झाली ते बरे झाले. पण आधीच चुकीची तारीख पडली असेल तर पुन्हा कामगार-मालक दोघांच्या सहीचे जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे पुन्हा मालक.

दुसरी गळती हजेरीची. महिन्यात २६ दिवस काम, पण विवरणात १२ किंवा १३ दिवस, आणि उरलेला पगार 'इन्सेंटिव्ह' किंवा 'इतर भत्ता' म्हणून. ठेकेदाराचे दोन फायदे होतात. पीएफची वर्गणी निम्मी होते आणि उरलेले दिवस बिनवर्गणीचे म्हणून चढतात. हे बिनवर्गणीचे दिवस पेन्शनपात्र सेवेतून वजा होतात. म्हणजे पासबुकात बारा वर्षे दर महिन्याला काही ना काही जमा दिसते, कामगार निर्धास्त असतो, आणि शेवटी वजाबाकी करून सहा वर्षेसुद्धा भरत नाहीत. ईएसआयमध्ये हीच चलाखी आणखी लवकर बोचते. आजारपणाच्या रजेचा भत्ता, म्हणजे पगाराच्या ७० टक्क्यांप्रमाणे ९१ दिवसांपर्यंत, मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. महिन्याला १२ हजेऱ्या दाखवल्या की सहा महिन्यांच्या होतात ७२. सहा दिवस कमी. हा आकडा योगायोगाने येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सरसकट दिले जाणारे भत्ते पीएफच्या पगारात धरावेत असे सांगितले, त्यानंतरही पेस्लिपची ही फोड चालूच आहे. काही ठेकेदार तर मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून वळता करतात. त्याला कायद्याने मनाई आहे, पण पेस्लिपवर ती कपात कुठे दाखवत नाहीत, मग तक्रार लिहायची कशावर?

मुख्य मालकाची जबाबदारी कायद्याने ठरलेली आहे. पीएफ योजनेच्या परिच्छेद ३० प्रमाणे ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरली जाते की नाही याला मुख्य मालक बांधील आहे, आणि महिना संपल्यावर सात दिवसांत ठेकेदाराने त्याला कपातीचा तक्ता द्यायचा असतो. तरी चौकशी जाते ठेकेदाराच्या पत्त्यावर. तिथे बहुतेक वेळा एक शटर असते, त्यावर कुलूप असते.

आता साखर कारखाने. इथे आमचे म्हणणे नीट ऐकावे, कारण मराठवाड्यात यात सगळ्यात जास्त माणसे अडकलेली आहेत. गळीत हंगाम चालतो चार-पाच महिने. हंगामी कामगाराने वर्षात थोडेच महिने प्रत्यक्ष सेवा केली तरी ते पूर्ण वर्ष धरायचे, असे १९९५ ची योजनाच सांगते. वीस हंगाम केलेल्या कामगाराची पात्रता त्यामुळे वीस वर्षांची. प्रत्यक्षात होते असे : हंगाम संपला की कारखान्याचा क्लार्क 'नोकरी सोडली' म्हणून तारीख टाकतो, पुढच्या हंगामात 'रुजू' म्हणून नवी. ऑफिसच्या संगणकात पाच-पाच महिन्यांच्या वीस सुट्या नोकऱ्या तयार होतात. बेरीज शंभर महिने, म्हणजे आठ वर्षे चार महिने. पेन्शन नाही, फॉर्म १०-सी भरा आणि एकरकमी पैसे घेऊन जा. एकरकमी म्हणजे दर वर्षामागे साधारण एका महिन्याचा पगार. कामगाराला नियम माहीत नसतो, क्लार्कला घाई असते, आणि समोर तयार चेक दिसत असताना दहा वर्षांची गोष्ट कोण ऐकतो? पैसे उचलले की ती सेवा संपली, पुढे तिचा दावा राहत नाही. असे प्रकरण आले की आम्ही प्रत्येक हंगामाची हजेरी, कारखान्याचे हंगामी नेमणुकीचे पत्र आणि त्या वर्षीच्या गाळप परवान्याची प्रत जोडून योजनेतले ते कलम लिहून देतो. कुठे हिशेब पुन्हा होतो, कुठे तोच शेरा परत येतो. म्हणजे नियम आहे की नाही हे टेबलावर कोण बसले आहे त्यावर.

त्यातून कारखाना बंद पडलेला असेल तर आणखी वेगळे दुखणे. आमच्याकडे सहकारी कारखाने आजारी पडले, भाड्याने गेले, विकले गेले. शेवटच्या काही हंगामांचा भरणा झालेला नसतो. विकत घेणारा म्हणतो जुने देणे माझे नाही, बँक म्हणते आधी आमचे कर्ज. कायदा काय म्हणतो हे मात्र ठरलेले आहे. पीएफची थकबाकी हा मालमत्तेवरचा पहिला बोजा. कारखान्यांनी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरपोत्यांवरसुद्धा तो आधी लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले, व्याज आणि दंडासकट. एवढा पक्का निकाल हातात असताना लिलाव होण्याआधी पीएफ ऑफिसचा दावा दाखल झालेला असलाच पाहिजे. तो वेळेत दाखल झाला की नाही, कितीचा होता, त्यातून किती आले, हे कारखान्यानिहाय जाहीर करा. कामगारांना आज हे माहितीच्या अधिकारात विचारावे लागते.

जुन्या कागदांचे एक वेगळेच प्रकरण आहे. महिन्याचे विवरण ऑनलाइन झाले २०१२ मध्ये. त्याआधीचा पुरावा म्हणजे मालकाने वर्षाला दिलेला फॉर्म ३-ए आणि गोषवारा ६-ए. आज अठ्ठावन्न पूर्ण करणाऱ्याची निम्मी सेवा या कागदांत आहे. गठ्ठे तुमच्याच ऑफिसात यायला हवे होते, तरी ते आणून द्यायला सांगतात कामगारालाच, बंद पडलेल्या मिलमधून. आणि कागद सापडला तर नाव जुळत नाही. हजेरीपत्रकात 'माधव', आधारवर 'माधवराव'. हजेरीपत्रकात 'कोंडाबाई', आधारवर 'कोंडा'. लग्नाआधी वडिलांचे नाव, नंतर नवऱ्याचे. जन्मतारीख तर कित्येकांची १ जून किंवा १ जुलै, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच टाकली. यूएएन ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून निघाला असेल तर नाव-तारीख आता ऑनलाइन दुरुस्त होते. पण पेन्शनच्या उंबरठ्यावर जी पिढी उभी आहे तिचे यूएएन त्याआधीचे, बऱ्याच जणांचे तर मुळात नाहीतच. सुधारणा झाली ती नेमकी ज्यांना अजून वीस वर्षे वेळ आहे त्यांच्यासाठी.

पेन्शन सुरू झालेल्यांचेही थोडक्यात. जानेवारी २०२५ पासून कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून पेन्शन मिळते, हे चांगले झाले. हयातीचा दाखला दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो, नोव्हेंबरचे बंधन या पेन्शनला नाही. तरी बँका नोव्हेंबरातच बोलावतात आणि लोक रांगा लावतात. भट्टीवर किंवा जिनिंगमध्ये हात झिजलेल्यांचा अंगठा मशीनवर लागत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, हे शाखेत बसलेल्या माणसालाच ठाऊक नसते. एक मराठी पाटी लावा, एवढ्याने निम्मी गर्दी कमी होईल.

आणि रक्कम. सप्टेंबर २०१४ आधी नऊ वर्षे आणि नंतर दहा वर्षे सेवा, पगार दोन्ही काळात मर्यादेच्या वर, असा कामगार धरा. आधीच्या भागाचे ६,५०० गुणिले ९ भागिले ७०, म्हणजे ८३६. नंतरच्या भागाचे १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे २,१४३. एकूण २,९७९ रुपये, आणि हाच आकडा मरेपर्यंत, कारण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. ठेक्यावरच्या कामगाराचा दाखवलेला पगार ९,००० आणि सेवा दहा वर्षे असेल तर १,२८६. याच्या शेजारी राज्याची श्रावणबाळ योजना ठेवून बघा. तिथे वर्गणी न भरता ६५ वर्षांनंतर महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ते मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही, मिळालेच पाहिजेत. पण आयुष्यभर वर्गणी भरलेल्या माणसाचे किमान त्यापेक्षा ५०० रुपयांनी कमी का? आणि गंमत अशी, की श्रावणबाळसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागते. महिना १,८०० पेन्शन असलेल्याचे वर्षाचे होतात २१,६००. तो तिथूनही बाद.

आपण कर्मचारी राज्य विमा महामंडळाचेही अध्यक्ष आहात, म्हणून त्या दाराशीही एक गोष्ट ठेवतो. ईएसआय कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते आणि त्या व्याख्येत नावानिशी काय होते? कापूस जिनिंग, कापूस प्रेसिंग, भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ. मराठवाड्याचे अर्धे कारखाने या एका ओळीत बाहेर गेले. जिनिंगमध्ये कपाशीच्या ढिगाला ठिणगीने आग लागते, रोलरमध्ये हात जातो, रूईच्या धुळीने छाती भरते. अशा कामगाराला ईएसआयमध्ये अपंगत्वाच्या काळात पगाराच्या ९० टक्के मिळाले असते. आता त्याने नुकसानभरपाईचा दावा लावायचा, आणि तोपर्यंत मुकादम ठरवील तेवढ्यावर गप्प बसायचे. हंगाम चार महिन्यांचा आहे हे खरे, हात मात्र कायमचा जातो. त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही सूट तशीच ठेवली आहे. निदान कामावरच्या अपघाताचा भाग हंगामी कारखान्यांना लागू करा. त्यासाठी आजारपण-बाळंतपणाचे सगळे लाभ एकदम द्यावे लागत नाहीत. रुग्णालयाचेही बघा. आमच्याकडचे कामगार विमा रुग्णालय चिकलठाण्याला, आणि वर्गणी नांदेडचाही कामगार भरतो, अडीचशे किलोमीटरवरून.

ऊसतोड कामगार तर या दोन्ही कायद्यांच्या बाहेरच आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल देतो मुकादम, मुकादमाशी करार ऊसतोड-वाहतूक ठेकेदाराचा, आणि कारखाना म्हणतो आमचा यांच्याशी संबंध नाही. राज्याच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला कारखान्याकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी तजवीज केली आहे. म्हणजे टनाप्रमाणे वसुली होऊ शकते, हे मान्य झाले. मग त्याच टनाच्या पावतीवर कोयत्याची नोंद करून दोघांच्या नावावर पेन्शनची वर्गणी का जाऊ नये? असंघटित कामगारांसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन ही पेन्शन योजना आहे, पण तिच्यात शिरायचे वय १८ ते ४०, आणि साठीपर्यंत दर महिन्याला ५५ ते २०० रुपये न चुकता भरायचे. पाटोदा-आष्टीहून निघून सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात फडावर राहणाऱ्याचा हप्ता चुकणारच.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुन्या योजनांना तिने एक वर्षाची मुदत दिली. १९९५ ची पेन्शन योजना म्हणजे नव्याने लिहावीच लागणार. तिच्यात 'मिळायची बाकी असलेली' वर्गणी धरण्याचा नियम ठेवाच, आणि तो पाळायची रीतही त्याच कलमात लिहा : पेस्लिप, बँकेत आलेला पगार, ईएसआयची नोंद किंवा हजेरी कार्ड यांपैकी कुठलेही एक असले की तो महिना धरायचा आणि मालकाकडून वसुली मागाहून करायची. ईएसआयच्या नोंदीत महिना आहे आणि पीएफच्या पासबुकात तोच कोरा आहे, हे तर दोन संगणक एकमेकांना जोडले की आपोआप दिसेल. वर्गणी जमा झाली की मोबाइलवर मेसेज येतो. भरण्याची तारीख १५ उलटून गेली आणि जमा झाली नाही, तर तसाही मेसेज २० तारखेला यायला हवा. वेळेत कळले तर कामगार निदान भांडू शकतो.

हे निकडीने सांगण्याचे कारण संहितेच्या कलम १२५ मध्ये आहे. थकबाकी ठरवण्याची चौकशी पाच वर्षांनंतर सुरूच करता येणार नाही, असे बंधन तिथे घातले आहे. कामगाराला बुडीत महिने कळतात पेन्शनचा फॉर्म १०-डी भरताना, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तोवर बारा-पंधरा वर्षे उलटलेली असतात आणि मालक सुटलेला असतो. पाच वर्षांचे बंधन मालकाला दिलासा म्हणून ठेवायचे असेल तर ठेवा, पण ते कामगाराच्या पेन्शनच्या हिशेबाला लागू नाही असे योजनेत स्पष्ट लिहा. ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत आपण पेन्शनचे पैसे काढून घेण्याची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिने करायचे ठरवले. लोकांची सेवा तुटू नये हा हेतू आम्हाला पटतो. मात्र ज्याची नोंदच अर्धी आहे त्याला तीन वर्षे थांबवून हातात काहीच पडणार नसेल, तर ती नुसती अडवणूक होईल. आधी नोंद दुरुस्त करा, मग थांबवा.

बाकी गोष्टींना संहिता, राजपत्र, बैठका लागतील, हे आम्ही जाणतो. साखर कारखान्यांच्या मासिक विवरणात 'हंगामी' असा एक रकाना घालायला यातले काही लागत नाही, एक परिपत्रक पुरते. ते पुढचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी काढावे, आणि दहा वर्षे भरली नाहीत म्हणून आजवर नाकारलेले हंगामी कामगारांचे अर्ज त्याच परिपत्रकाने पुन्हा उघडावेत.

आपले,
मराठवाड्यातील कामगारांचे पेन्शन व विमा अर्ज भरून देणारे कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी : मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य. मराठवाड्यातील सर्व खासदार